पाळीचा डोह

गोमाकाकांच्या तोंडून ‘माझं’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. चार वर्षं एका खोलीत काढली, त्यांच्या खाली माझी खाट, वर ते. तरी नाही.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या आमच्या कामगार कॅम्पात महिन्यातून एकदा कॅम्पबॉस खोल्या तपासायला यायचा. केरळचा माणूस, अंगाने जाड, कायम घामाघूम, हातात यादी. खाटेच्या लोखंडावर पेन आपटून विचारायचा, "ये बेड किसका?" आम्ही पटापट ‘मेरा, मेरा’ म्हणून मोकळे व्हायचो. काका म्हणायचे, "मैं सोता है इधर."

"वो दिखता है बाबा. बेड किसका?"

"मैं सोता है."

"तो तेरा हुआ ना?"

"मैं जाएगा तो दूसरा सोएगा. मेरा कैसा?"

कॅम्पबॉस यादीवर काहीतरी खरडायचा आणि "यल्ला, खलास" म्हणत पुढच्या खोलीकडे वळायचा. खोलीत हशा व्हायचा. एकदा एकाने विचारलंच, "काका, बायको तरी तुमची का?" काका म्हणाले, "तिलाच इचार. मी माझी म्हटलं तर लाटणं घिऊन येल."

आता बघा, वाक्यात ‘माझी’ आलंच. पण ते मोजायचं नाही, ते थट्टेतलं.

दुसरी सवय बोटाची. कशाकडेही बोट दाखवायचे नाहीत. ट्रक, मुकादम, मशीद, चंद्र, काहीही दाखवायचं असेल तर हनुवटी पुढे काढायचे, नाहीतर कोपर. नवी माणसं हसायची. मीही हसलो होतो.

गोमाकाका म्हणजे गोमा मेंगाळ. ठाकर आदिवासी. सह्याद्रीच्या पोटात, कर्जतच्या आत कुठेतरी त्यांची वाडी. बापाबरोबर मध काढायला कड्यावर चढणारं पोर. मुंबईच्या एका कंत्राटदाराने ते चढणं बघितलं आणि परांची बांधायला उचलून नेलं. तिथे बांबू आणि काथ्या. मग कुणीतरी गल्फला पाठवलं, तिथे लोखंडी नळ आणि ते जोडणारे क्लॅम्प. वीस-बावीस वर्षं झाली. तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले, काटक, केस कुरळे आणि पांढरे, पायांची बोटं हाताच्या बोटांसारखी पसरलेली.

मी संगमेश्वरकडचा. सातवीत शाळा सोडली. घाबरट स्वभाव, तो शाळेमुळे की शाळा सोडल्यामुळे, ते मला सांगता येणार नाही. इथे आलो तेव्हा एजंटाने ‘हेल्पर’ सांगितलं होतं, निघालं परांचीचं काम. तिसऱ्या दिवशी मला चौदाव्या मजल्याच्या उंचीवर नेलं. खाली एकदा बघितलं आणि हात नळ सोडेचनात. मुकादम खालून ओरडतोय, हेल्मेटमधून घाम डोळ्यांत उतरतोय, आणि मी नळाला मिठी मारून उभा.

काका आले. माझ्या शेजारी फळीवर मांडी घातली, खिशातून संत्रं काढलं आणि सोलायला लागले. साल खिशात टाकली. अर्धं संत्रं माझ्या तोंडासमोर धरलं. आता संत्रं घ्यायचं तर एक हात सोडायला लागतो. मी सोडला.

"गोड हाय?"

"आंबट आहे काका."

"मंग दुसरा हात सोडून तोंड पूस."

खालच्या मुकादमाला त्यांनी कोपराने थांब म्हणून खूण केली. पाऊण तास आम्ही तिथे बसलो. त्यांनी मला वारा कसा ओळखायचा ते सांगितलं. समुद्राकडचा वारा परांचीच्या जाळीला आधी लागतो, वाळवंटातला आधी दातांना. उतरताना ते माझ्या खाली एक पायरी राहिले, म्हणजे मी घसरलो तर त्यांच्यावर. त्या दिवशी मला घरी पाठवलं असतं. नोकरी राहिली ती त्या संत्र्यामुळे.

पुढचं लिहायला नको वाटतं, पण ते टाळलं तर या माणसाबद्दल काहीच लिहिलं नाही असं होईल.

परांची बांधून झाली की तपासणारा साहेब येऊन हलवून बघतो. मग चार्जहँडच्या, म्हणजे टोळीच्या प्रमुखाच्या, सहीचा हिरवा टॅग शिडीला लागतो. हिरवा म्हणजे चढा. तोवर लाल. आमचे चार्जहँड काका. एके दिवशी ते इमारतीच्या पलीकडच्या अंगाला गेले होते. सही केलेले टॅग माझ्या खिशात ठेवून गेले होते, साहेब बघून गेला की लाव म्हणून. साहेब आला नाही. रंगवाले खाली बादल्या घेऊन बोंबा मारत होते. मला वाटलं, सगळं तर बांधलंय. मी टॅग लावला. कठड्याचा एक क्लॅम्प नुसता बसवलेला होता, आवळलेला नव्हता.

एक नेपाळी रंगारी चढला आणि कठड्याला टेकला. दोन टप्पे खाली पडला. वाचला. कंबरेचं हाड मोडलं, पुढे काठी टेकत घरी गेला. पण तेव्हा आम्हाला तो वाचेल हे माहीत नव्हतं.

पोलिसांनी विचारलं, टॅग कोणी लावला? मी काकांच्या मागे उभा होतो. माझी बायको सातव्या महिन्यात होती, माझं सुट्टीचं तिकीट झालेलं होतं. काका म्हणाले, "साइन मैं किया साब. मैं लगाया." पोलिसाने फोटो दाखवला, कुठे लावला ते दाखव म्हणाला. काकांनी कोपर टेकवून दाखवलं. पोलीस त्यांच्याकडे बघत राहिला.

त्यांचा पासपोर्ट जमा झाला. मी सुट्टीवर गेलो. मुलगी झाली, तिला हातात घेतलं, परत आलो.

केस उभी राहिली ती उभीच राहिली. तपासणारा साहेब दुसऱ्या देशात नोकरीला निघून गेला होता, त्याचा जबाब नाही, म्हणून तारीख. मग पुन्हा तारीख. केस संपेपर्यंत काकांना देश सोडता येणार नाही आणि कंपनीने सांगितलं, साइटवर चढायचंही नाही. त्यांना कॅम्पाला लागून असलेल्या कंपनीच्या यार्डात टाकलं. चारी बाजूंनी पत्र्याची भिंत, आत नळांच्या राशी आणि गंजलेल्या क्लॅम्पची पिंपं. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा तारेच्या ब्रशने क्लॅम्प घासायचे आणि तेलात बुडवायचे. मलाही आता उंचीवर चढवेना म्हणून यार्डाच्या स्टोअरला बसवलं होतं. मी रजिस्टर लिहायचो आणि दाराच्या फटीतून त्यांना बघायचो. इतकी वर्षं वरून दुबई बघितलेला माणूस. आता पत्र्यावर आभाळाचा चौकोन, तेवढाच. बाहेरून कुणी ड्रायव्हर आला की त्याला विचारायचे, "आज वारा कुठला?"

एकदा मी म्हटलं, "काका, मी जाऊन खरं सांगतो. टॅग मी लावला."

"आन् मंग?"

"मग तुम्ही सुटाल."

"येड्या, जबाब बदलला की दोन मान्सं अडकतात. एक खोटा बोल्ला म्हनून, एक खरा बोल्ला म्हनून. पोरीचं नाव काय ठिवलंस?"

यार्डात असं वर्ष गेलं, आणि एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या पुतण्याचा, किसनचा फोन आला. किसन बारावी झालेला, वाडीच्या वनहक्क समितीचा सचिव. काकांना ऐकायला थोडं कमी यायचं, म्हणून फोन स्पीकरवर. त्यामुळे मलाही सगळं कळलं.

वाडीने सामूहिक वनहक्काचा दावा टाकला होता. जंगल, पायवाटा, मसणवट, गुरांचं रान, आणि वाडीखालची नदी. नदीला एक डोह आहे. वाडीचं सगळं त्या डोहावर. उन्हाळ्यात गावभर टँकर फिरतात तेव्हा यांच्याकडे पाणी असतं. पडताळणीला अधिकारी आले. सगळी वाडी जमली. एकाने नकाशावर पेन ठेवून विचारलं, "हा डोह तुमचा का?"

कोणी बोललं नाही.

त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "नाय सायेब. त्यो आसरांचा."

आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. सात बहिणी. डोहाला बोट दाखवायचं नाही, त्याच्याजवळ उभं राहून मोठ्याने बोलायचं नाही, आणि तो आपला आहे असं तर तोंडातूनही काढायचं नाही. काढलं तर पाणी आटतं. हे लहान पोरालाही माहीत. त्यामुळे एकही माणूस ‘हो, आमचा’ म्हणाला नाही. अधिकाऱ्याने लिहून टाकलं, पाणवठ्यावर ग्रामस्थांचा दावा नाही. खाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे.

आता बाहेरचा एक ठेकेदार आला होता. त्याने डोहावर दोरी बांधली, दोन रंगीत होड्या सोडल्या, पाटी लावली. बायकांना हंडे घेऊन वरच्या खडकावरून फिरून जायला लागत होतं. समितीने प्रांतसाहेबांकडे अर्ज केला. साहेब माणूस बरा. म्हणाला, चुकलं असेल तर दुरुस्त करू, पण वाडीतल्या जाणत्या माणसाचा जबाब आणा, आणि पावसाआधी पुन्हा स्थळपाहणी लावू. एकदा नदी भरली की खाली उतरता येत नाही, आणि तोवर ठेकेदाराचा कागद पक्का होईल.

जाणता माणूस म्हणजे डोहाची पाळी लावणाऱ्या घरातला. कोणी कधी जाळं टाकायचं ते ठरवणारं घर मेंगाळांचं. काकांचे थोरले भाऊ मागल्या साली वारले होते. किसनचं अजून वय नाही. उरले काका.

"फोनवर सांगतो की," काका म्हणाले.

"ते नाय चालत काका. तलाठी म्हंतो, मोबाईलवरचं बोलनं फायलीला कसं लावू? कागद पाठवा, सही-शिक्क्याचा."

फोन ठेवल्यावर काकांनी क्लॅम्प उचलला आणि ब्रशने घासायला लागले. तो आधीच घासलेला होता.

मला काही सुचेना, म्हणून मी ग्रेसमॅडमना सांगितलं. मॅडम वसईच्या. कंपनीच्या ऑफिसात कागदपत्रांचा विभाग बघायच्या. बोलायला फटकळ, पण कामगाराचं पत्र अडलं तर स्वतःच्या हाताने भरून द्यायच्या. त्या म्हणाल्या, "अ‍ॅफिडेव्हिट करावं लागेल, आणि आपल्या वाणिज्य दूतावासाचा शिक्का. संडेला दोघं माझ्याकडे या. तू मराठीत लिहून काढ, मी टाइप करते. आणि हे बघ सुरेश, बसमध्ये वाटेत कुठे उतरू नका, सिलिकॉन ओएसिसच्या स्टॉपला सरळ या."

मॅडमच्या घरी काका सोफ्यावर बसेनात. कपड्यांना तेलाचा वास येतो म्हणाले आणि खाली बसले. मग मीही खाली. मॅडमची मुलगी, दहा-अकरा वर्षांची, कान टवकारून जेवणाच्या टेबलाशी. मी वही उघडली. वाटेत बसमध्ये मी मनात पहिलं वाक्य तयार केलं होतं. ते लिहिलं आणि वाचून दाखवलं. "आसनवाडीच्या खालचा डोह हा पूर्वापार आम्हा ग्रामस्थांच्या मालकीचा असून..."

"खोड," काका म्हणाले.

"काका, तेच तर लिहायचंय."

"खोड आधी."

मॅडम म्हणाल्या, "काका, अहो, हे नाही लिहिलं तर कागदाला अर्थच नाही. ते विचारतायत काय? तुमचा का. उत्तर काय? हो."

"मी सही द्येनार नाय, बाय."

मला राग आला. खरं सांगतो, त्यांच्यावर मला एकदाच राग आला, तो तेव्हा. मी म्हटलं, "माझ्यासाठी पोलिसांत खोटं बोललात ना? मग वाडीसाठी एक ओळ बोला."

मॅडमना हे माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग मुद्दाम चहाकडे गेल्या.

काका चिडले नाहीत. म्हणाले, "ते खोटं कुठं व्हतं? टॅग कोनी दिला तुझ्याकडं? सही कोनाची? टोळी कोनाच्या पाळीत? मी सांगितलं ते खरंच सांगितलं." मग वहीकडे हनुवटी काढून, "हे खोटं हाय."

मॅडमची मुलगी इतका वेळ ऐकत होती. तिने आईला विचारलं, "मम्मा, व्हाय कान्ट ही जस्ट से इट्स देअर्स?" मॅडमनी मराठीत करून सांगितलं. काका तिच्याकडे वळले. तिला तुमी म्हणाले.

"तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट हाय. ती तुमची का?"

मॅडमनी विचारलं. मुलगी म्हणाली, "नो. वी जस्ट यूज इट. एव्हरी डे."

"काय म्हंती?"

"म्हणते, आमची नाही, आम्ही रोज वापरतो."

"मंग? बंद झाली तर तुमी भांडनार का नाय?"

मॅडम चहाचा कप तसाच ठेवून आल्या. किसनने दाव्याच्या फॉर्मचे फोटो पाठवले होते, ते त्यांनी फोनवर मोठे करून पुन्हा वाचले. "अरे, ह्यात मालकी विचारलेलीच नाही! हे बघ. मासे, पाणवठे, वापराचे हक्क. वापर. तुमचा का, हे त्या साहेबाने स्वतःच्या मनाने विचारलं." मग खुर्चीवर टेकल्या. "काका, मालकी सोडा. तुम्ही तिथे काय करता ते सांगा. सगळं."

ते मग सांगत गेले. मी इतकं भराभर आयुष्यात लिहिलं नसेल. डोहाचं वरचं टोक काळी धोंड, खालचं टोक उंबर. पाळी आधी मेंगाळ घराची, मग पारधी घराची, मग वारे घराची, एकेका पाळीला आठ दिवस. अवसेला जाळं नाही. मासे अंडी घालायला चढतात तेव्हा कोणी डोहात उतरायचं नाही, वरच्या उतारावर टोपली लावायची, तीही भरली की काढायची. विधवा बाईला पाळी नाही, तिने कधीही जाळं टाकावं. वाटसरूला एक दिवस, विचारून. गुरं फक्त खालच्या अंगाला. मयत झालं की तिसऱ्या दिवशीची आंघोळ उंबराखाली. दुष्काळात धुणं बंद, आंघोळ बंद, घरामागे दोन हंडे, ज्या घरात बाळंतीण तिथे चार. एकाने पाला ठेचून पाण्यात विष घातलं होतं, त्याला काकांच्या बापाने वर्षभर पाळीबाहेर ठेवलं. ते घर वर्षभर मासा मागून खात होतं. देत सगळे होते, पण मागायला लावत होते.

"त्याचं नाव लिहू?" मी विचारलं.

"नगं. नातू हाय त्याचा. समितीत हाय."

साडेसहा पानं झाली. शेवटी मी वाचून दाखवलं. कुठेही ‘आमचा’ नव्हतं. काकांनी सही केली.

शिक्क्यासाठी बर दुबईला गेलो, तिथे खिडकीतल्या मुलीने कागद नीट वाचला आणि म्हणाली, ओरिजिनल पासपोर्ट. नाही म्हटल्यावर म्हणाली, मग नाही होणार. नियम होता, तिचा काही दोष नाही. काका बाहेर येऊन पायरीवर बसले. समोरच्या गल्लीत देवळाकडे जाणाऱ्या बायका फुलांच्या ताटल्या घेत होत्या. ते म्हणाले, "तिकडं मला बोलावत्यात, हितं मला सोडंनात. आन् मी खराच हाय का, ते पासपोर्टला इचारत्यात." मग ताडकन उठले. "चल, क्लॅम्प पडलेत."

मॅडमनीच वाट काढली. पासपोर्ट ज्या पोलीस ठाण्यात जमा होता त्यांनी तसं पत्र दिलं तर चालेल, असं खिडकीवरून लिहून आणलं. आमच्या कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस आम्हाला ठाण्यात घेऊन गेला. पहिल्या खेपेला साहेब नव्हते. दुसऱ्या खेपेला "बुकरा, इन्शाल्ला," म्हणजे उद्या. तिसऱ्या खेपेला एक तरुण अरब अधिकारी भेटला. त्याला हिंदी बरी येत होती. त्याने आम्हाला पाणी दिलं आणि विचारलं, पत्र कशाला?

"गाँव का पानी का मामला है साब," काका म्हणाले. "पानी का बारी हम लगाता है."

"बारी?" तो खुर्चीत पुढे झाला. "मतलब आज इसका दिन, कल उसका दिन?"

"आठ-आठ दिन."

तो हसला. म्हणाला, त्याच्या आजोबांच्या डोंगरातल्या गावी पाण्याचा पाट आहे, फलज म्हणतात, तिथेही खजुराच्या बागांना पाणी पाळीने. आजोबा ताऱ्यांवरून वेळ मोजायचे. "बड़ा पानी है तुम्हारा? खोर जितना?"

खोर म्हणजे दुबईची खाडी. काकांनी खोलीभर नजर फिरवली. "नहीं साब. आपका ऑफिस जितना. मगर गहरा है."

पत्र त्याच दिवशी मिळालं. पासपोर्ट नाही मिळाला. तो त्याच्या हातात नव्हता, तसं त्याने दोनदा सांगितलं.

मेच्या सुरुवातीला मॅडम पुतणीच्या लग्नाला वसईला गेल्या आणि कागद घेऊन गेल्या. किसन येऊन घेऊन गेला. स्थळपाहणी लागली मेच्या शेवटी, सकाळी अकराला, म्हणजे इथले साडेनऊ. प्रांतसाहेबांनी फोनवरून, व्हिडिओ कॉलवर, वाट दाखवायला परवानगी दिली. जबाब फायलीला लागलेला होता, त्यामुळे आता तलाठ्याचंही काही म्हणणं नव्हतं.

यार्डात त्या दिवशी आम्ही दोघंच. ऊन तापलेलं, काँक्रीटवरून वाफा. काकांना बारीक दिसायचं नाही, म्हणून फोन मी धरला. किसन पुढे चालतोय, मागे प्रांतसाहेब, तलाठी, वनरक्षक, मोजणीचं यंत्र घेतलेला एक माणूस, आणि सगळी वाडी. चित्र हलतंय. काका सांगतायत, "डावीकडं. त्या ऐनाच्या झाडापासून खाली. हळू, तिथं धोंडा हलतो." किसन म्हणाला, "काका, हलत नाय आता, बसलाय." काका म्हणाले, "बसू दे."

उतारावर एके ठिकाणी ते म्हणाले, "थांबा. आता पायतानं काढा."

किसनने मागे वळून सांगितलं. वाडीने केव्हाच काढली होती. तलाठ्याने काढली. ठेकेदाराचा माणूस बूट घालून उभा. प्रांतसाहेबांनी एक क्षण खाली बघितलं आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. इकडे माझ्या शेजारी खडखड झाली. काका पिंपावर टेकून आपले लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज काढत होते. मोजेही काढले, आत घडी करून ठेवले.

"काका, पाय भाजतील."

त्यांनी शूज पिंपाला लावून ठेवले. तिकडे माणसं खाली उतरायला लागली आणि चित्र थांबलं. दरीत रेंज नाही. शेवटचं जे चित्र राहिलं त्यात नुसते उघडे पाय आणि थोडी माती.

मी पुन्हा पुन्हा फोन लावला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काका पाय बदलत उभे होते, एकदा हा, एकदा तो. मी पुठ्ठा आणून टाकला, त्यावर उभे राहिले नाहीत. सावलीत चला म्हटलं, आले नाहीत. यार्डाचा सेफ्टीवाला दारातून ओरडला, "ओय बाबा, शूज!" काकांनी त्याला कोपराने थांब म्हणून खूण केली. का कोण जाणे, तो थांबला.

पाऊण तासाने फोन वाजला. किसन धापा टाकत होता. "काका, लिवलं! काळी धोंड ते उंबर, सगळं यंत्रात घेतलं. प्रांतसायेबांनी स्वतः सांगितलं लिवायला. पाळीसकट. दोरी सोडायला लावली!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "काका, झालं! घाला आता शूज."

"समदी वर आली का?" त्यांनी किसनला विचारलं.

"नाय, येत्यात. मी रेंजसाठी पुढं पळत आलो."

"येऊ दे. मंग घालतो."

किसनने फोन उताराकडे वळवला. एकेक माणूस झाडीतून वर येत होता. मोजणीवाला, वनरक्षक, पोरं, हातात बूट धरलेले साहेब. काका फोनजवळ तोंड आणून बघत होते आणि ओठांनी मोजत होते. म्हाताऱ्या बाया सगळ्यात मागे होत्या, त्यांना वेळ लागत होता; हिरव्या लुगड्यातली एक तर अजून झाडीतच होती.

पुढच्याच आठवड्यात मला रास अल खैमाच्या यार्डात हलवलं. काकांची पुढची तारीख लागली आहे, असं मॅडम परवा म्हणाल्या. त्याच्या पुढची काय, ते कोणाला माहीत नाही.

मला ते अजून तसेच दिसतात. पत्र्याच्या त्या चौकोनात, तापल्या काँक्रीटवर, पायांची बोटं पसरून. मी फोन धरलाय, आणि ते मला विचारतायत, "ती हिरव्या लुगड्यातली आली का रं वर? बघ नीट. ती आली की झालं."